पुन्हा येणारे गिऱ्हाईक

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता आरे-वारेच्या चढणीवर आला, की गाड्या आपोआप कडेला लागतात. खाली दोन किनारे, मध्ये डोंगराची सोंड, सुरूची झाडे आणि पलीकडे क्षितिजापर्यंत पाणी. हे दृश्य डोळे भरून पाहून झाले, की माणसाला भूक लागते आणि मग एक साधा प्रश्न उभा राहतो: जेवायचे कुठे? प्रश्न पोटाचा वाटला, तरी कोकणातल्या पर्यटनाचे बरेवाईट त्याच्या उत्तरात दडलेले आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, जपानात डोकावायला हरकत नाही. तिथे गल्लीगल्लीत 'रामेन'ची छोटी दुकाने असतात. रामेन म्हणजे हाडांचा किंवा मासळीचा, तासन् तास उकळलेला रस्सा आणि त्यात गव्हाच्या पिठाच्या शेवया. हा पदार्थ मूळचा जपानी नव्हे, तो चिनी लोकांबरोबर योकोहामासारख्या बंदरांतून आला. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० मध्ये निघालेले 'राइराइकेन' हे या धंद्यातले आद्य दुकान मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नाची टंचाई आणि अमेरिकेतून आलेला गहू यांमुळे या शेवया सर्वसामान्यांच्या तोंडी बसल्या. आज कोणत्याही वस्तीतले नावाजलेले दुकान पाहावे, तर आठ-दहा माणसे बसतील एवढाच ओटा, पलीकडे स्वतः मालक चुलीपाशी, पदार्थ मोजके आणि दाराबाहेर रांग. रस्सा संपला, की दुकान बंद. उशिरा आलेल्याने उद्या यावे!

या दुकानाची ख्याती कशावर उभी असते? मालकाच्या कौशल्यावर, हे खरेच. पण त्याहून अधिक ती उभी असते आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शेजारच्या माणसावर. कचेरीतला कारकून, विद्यार्थी, टॅक्सीवाला हे या दुकानाचे खरे परीक्षक. मंगळवारी रस्सा पातळ झाला, तर ते शुक्रवारी समोरच्या दुकानात जातात. जुझो इतामी यांचा 'ताम्पोपो' हा १९८५ चा चित्रपट याच विषयावर आहे. रामेनचे दुकान चालवणारी एक विधवा बाई आपला रस्सा सुधारता सुधारता गावभर धडे घेत फिरते, आणि शेवटी निकाल लागतो तो गिऱ्हाइकाने रिकाम्या केलेल्या वाडग्यावरून.

आपल्याकडे अशी दुकाने नव्हती काय? होती, आणि ती कोकणच्याच माणसांमुळे होती. गंमत एवढीच, की ती कोकणात नव्हती, मुंबईत होती. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे, म्हणजे असाकुसाच्या त्या दुकानाच्याच वयाचे. गिरगावात खोताच्या वाडीतले 'अनंताश्रम' मासळीच्या जेवणासाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध होते, पुढे तेही बंद पडले. याहून मोठी, पण नावाची पाटी नसलेली परंपरा गिरणगावातल्या खाणावळींची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, घाटावरून आलेला चाकरमानी चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवायचा. त्या बाईला तीस दिवस त्याच माणसांना तोंड द्यायचे असे. आमटीत पाणी वाढले, तर त्याच रात्री पानावरून आवाज येई. गिऱ्हाईक आणि अन्नदाती यांच्यातला हा रोजचा हिशेबच त्या जेवणाची हमी होती. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभारले. पण जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्या संपातून गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्याच राहिल्या नाहीत. पंगतच उठली, तिथे वाढणाऱ्या हातांनी काय करावे?

कोकणात मात्र शेजारच्यांसाठी खाणावळ हा प्रकार फारसा रुजला नाही. त्याचे कारण सरळ आहे. गावचा माणूस घरी जेवतो. पेज, भात, कुळथाचे पिठले, मासळी मिळाली तर तिचे कालवण. यासाठी पैसे मोजून बाहेर कोण जाणार? गणपतीपुळ्यासारख्या देवस्थानी आलेल्या भाविकाची सोय एखाद्या घरी आधी निरोप देऊन व्हायची. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, सागरी रस्ते आणि खाड्यांवरचे पूल झाले, सरकारची न्याहारी-निवास योजना आली आणि घरोघरी 'घरगुती जेवण मिळेल'च्या पाट्या लागल्या. चार पैसे गावात आले, घरातल्या बाईच्या हातात आले, याचा आनंदच मानला पाहिजे.

परंतु या नव्या जेवणाचा गिऱ्हाईक आहे पर्यटक, आणि पर्यटक एकदाच येतो. जेवण बिघडले, तर तो रागावून निघून जातो. त्याची जागा घ्यायला दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी उभी असतेच. म्हणजे ज्या रोजच्या हिशेबाने जपानी रामेनवाला आणि गिरणगावची खाणावळवाली सरळ राहिली, तो हिशेबच इथे नाही. मग पाटीवर पंजाबी येते, चायनीज येते, पनीर येते. आलेला कोणीच परत जाऊ नये, या धोरणाने लांबलचक यादी तयार होते आणि त्या यादीतले काहीच धड होत नाही. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना सुमारे दोन महिने मासेमारीची बंदी असते. त्या काळातही ताज्या सुरमईचा आग्रह धरणारा पाहुणा आणि 'आहे ना!' म्हणणारा दुकानदार, दोघे मिळून बर्फातली मासळी ताजी ठरवतात. किनाऱ्यावरच्या टपरीत मॅगी तर हटकून मिळते. या झटपट शेवयांचे मूळही जपानातच. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये झटपट रामेन बाजारात आणले, मॅगी आपल्याकडे १९८३ मध्ये आली. समुद्राच्या काठी, कुळीथ आणि कोकम पिकवणाऱ्या मुलखात, पाहुण्याने पाकिटातल्या शेवया खाऊन परतावे, याला काय म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, की पाहुण्याला जे हवे ते द्यावे, धंद्याला सोवळे चालत नाही. मुद्दा रास्त आहे. लेकराला तिखट कालवण चालत नसेल, तर त्याला मॅगी मिळाल्याने आभाळ कोसळत नाही. स्वस्त आणि चांगले एकाच वेळी देणे किती कठीण आहे, हे जपानलाही कळले आहे. रामेनचा वाडगा हजार येनच्या वर गेला, की गिऱ्हाईक कुरकुरते. साहित्य महागलेले, माणसे मिळत नाहीत, आणि २०२४ मध्ये अनेक छोट्या दुकानांचे दिवाळे वाजले. तेव्हा कोकणातल्या बाईने पहाटे उठून नारळ खवावा, वाटप वाटावे, उकडीचे मोदक वळावेत, आणि पाहुण्याने 'एवढ्याशा ताटाला एवढे पैसे?' म्हणून घासाघीस करावी, हेही चालणार नाही. शहरातल्या हॉटेलात गोठवलेल्या मटाराच्या भाजीला मुकाट पैसे देणारा माणूस गावात आला, की एकदम काटकसरी होतो. घरगुती म्हणजे स्वस्त, हे समीकरण त्याने मनातून काढले पाहिजे. त्या ताटात एका बाईचा अर्धा दिवस असतो.

मग उपाय काय? पहिला उपाय यादी लहान करण्याचा. आज बांगडा मिळाला, तर बांगडा. मिळाला नाही, तर काळ्या वाटाण्याची आमटी, फणसाची भाजी, सोलकढी, भात. आधी सांगेल त्यालाच ताट, आणि संपले की संपले. पुष्कळ घरांत ही रीत अजून आहे, तिला गैरसोय समजून मोडू नये. रस्सा संपल्यावर दुकान बंद करणाऱ्या जपान्याला आपण शिस्तीचा म्हणतो. मग 'सकाळी फोन केला असतात तर केलं असतं' म्हणणाऱ्या कोकणी काकूंना आडमुठ्या का म्हणावे?

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा, आणि तो रत्नागिरीकरांच्या हातात आहे. आरे-वारे शहरापासून काही फार लांब नाही. शहरातले शिक्षक, वकील, बँकेतले कर्मचारी, महाविद्यालयातली मुले संध्याकाळी किनाऱ्यावर येतातच. त्यांनी महिन्यातून एकदा त्याच घरी जेवायला बसावे. चांगले झाले तर सांगावे, मीठ जास्त पडले तर तेही सांगावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यावे. नावे ठेवणारे पण परत येणारे गिऱ्हाईक धंद्याला जेवढे घडवते, तेवढे कोणतीही जाहिरात घडवत नाही. ज्या घरी स्थानिक माणूस पैसे देऊन जेवतो, तिथे परगावच्या पाहुण्याने डोळे मिटून शिरावे.

तिसरी गोष्ट पुढच्या पिढीची. आज जिच्या हाताला चव आहे, तिची मुलगी शिकून पुण्या-मुंबईला गेली आहे, सूनही तिथेच आहे. रांधण्याच्या कामाला मान आणि पुरेसा पैसा मिळाला, तरच त्यातली एखादी परत फिरेल. तसे झाले नाही, तर समुद्र आहे तिथेच राहील, रस्ता आणखी रुंद होईल, आणि चुलीपाशी बाहेरून आणलेला पगारी आचारी उभा असेल. त्या ताटाला कोकणी म्हणायचे की नाही, हे ठरवायला तेव्हा गावात जाणते माणूस उरलेले नसेल. म्हणून पुढच्या वेळी त्या रस्त्याने गेलात, तर निघण्यापूर्वी सकाळीच फोन करा, मिळेल ते जेवा, मागितले तेवढे पैसे द्या, आणि उठताना पुन्हा कधी येणार ते सांगून ठेवा.