मधल्याशी जमले म्हणून...

आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलीने वर्गात विचारले, "अ चे ब शी जमते, ब चे क शी जमते, तर अ चे क शी जमतेच का?" उत्तर मिळाले, "परीक्षेत नाही, बस खाली." तेव्हापासून ती हात वर करत नाही. म्हणून हा अंक तिच्यासाठी.

इथे 'जमणे' म्हणजे दोन कृतींचा क्रम बदलला तरी शेवट तोच येणे. सदरा आणि पँट यांचे जमते. मोजे आणि बूट यांचे जमत नाही.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा चौकोन कापा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने १, २, ३, ४ लिहा. मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्यावर तोच आकडा. अ म्हणजे पान उलटावे तसे डावीकडून उजवीकडे पलटणे. ब म्हणजे अर्धा फेरा. क म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. ब चे दोघांशीही जमते. पण आधी अ मग क केले तर वरच्या डाव्या कोपऱ्यात ३ येतो. आधी क मग अ केले तर १! मध्यस्थ दोन्ही घरी गोड बोलला म्हणून सोयरीक जुळत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना गणिताशिवाय ठाऊक आहे.

आता तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण घ्या. 'काहीच न करणे' सोडा, त्याचे सगळ्यांशीच जमते. उरतात दोन फेरे आणि तीन पलट्या. फेऱ्यांचे आपसात जमते, पलटीचे मात्र स्वतःशिवाय कोणाशीच नाही. म्हणजे इथे मुलीच्या प्रश्नाचे उत्तर 'हो'.

कृतींच्या अशा कुटुंबाला गणितात 'गट' म्हणतात. 'हो' म्हणणाऱ्या गटांवर लुई वाइझनर यांनी १९२५ साली लिहिले. १९५७ मध्ये जपानी गणिती मिचिओ सुझुकी यांनी दाखवले, की असा गट लहान गटांत फुटत नसेल आणि त्यात सर्वांचे सर्वांशी जमत नसेल, तर त्याची सदस्यसंख्या विषम असूच शकत नाही. वीस त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याचे फेरे मोजा, भरतात ६०. तो असाच गट. सुझुकींच्या वाटेने पुढे जाऊन फाइट आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये सगळ्याच विषम गटांचा निकाल लावला, त्याला २५५ पाने लागली.

मुलीने परवा पंचकोन कापला, तिथेही 'हो'. षटकोनावर मात्र अडली आहे. अर्धा फेरा तिथे पुन्हा मध्ये येतो, हे आम्ही तिला अजून सांगितलेले नाही.