कार्पेट क्लीनिंगचं मशीन घेताय? आधी तुमच्या पट्ट्यात कार्पेट किती आहे ते मोजा



"सर, कार्पेट क्लीनिंगचा धंदा टाकायचाय, कुठलं मशीन घेऊ?" हा प्रश्न पूर्वी पुण्या-मुंबईची मुलं विचारायची. आता तो गावाकडूनही येतो. म्हणून आज मी मुद्दाम पुणे शहराचं उदाहरण घेत नाही. शिरूर तालुक्यातलं भीमाकाठचं वडगाव रासाई डोळ्यासमोर ठेवा. एका बाजूला न्हावरे, रांजणगाव, शिक्रापूर. दुसऱ्या बाजूला दौंड तालुका, केडगाव, पाटस, कुरकुंभ. मधे ऊस. अशा गावातल्या मुलानं किंवा मुलीनं हा धंदा करायचा ठरवला, तर मशीन कुठलं घ्यावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठा कार्पेट सेट घेऊ नका. पाणी फवारून लगेच ओढून घेणारं एक मध्यम मशीन घ्या, त्याला सोफ्याचं हातातलं नोझल असलंच पाहिजे, आणि ते कर्ज न काढता किंवा अगदी कमी कर्जात बसलं पाहिजे. हे का, ते आता एकेक करून बघू.

गिऱ्हाईक नेमकं कोण?

आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट टाकलेलं घर शोधून सापडत नाही. फरशी असते, पाहुणे आले की सतरंजी अंथरतो. मग "कार्पेट क्लीनिंग" नावाचं काम आहे कुठे?

पहिलं नाव सगळे घेतात ते मंगल कार्यालयाचं आणि मंडप डेकोरेटरचं. बरोबर आहे, तिथं कार्पेट भरपूर असतं. पण ते कसलं असतं? बहुतेक ठिकाणी पातळ, सिंथेटिक, हिरवं नाहीतर लाल. डेकोरेटर ते मोकळ्या जागेत पसरतो, प्रेशरच्या पाइपनं धुतो आणि उन्हात टाकतो. खराब झालं की नवीन आणतो. त्या कामाला तो तुम्हाला सोफ्याचा दर कशाला देईल?

खरं काम दुसरीकडे आहे. उसाच्या पैशातून नवीन बंगले झाले, त्यात सात सीटचे कापडी सोफे आले. शिक्रापूर-सणसवाडीच्या फ्लॅटमध्ये कंपनीत नोकरी करणारी कुटुंबं राहतात, त्यांच्याकडे सोफे, गाद्या, लहान मुलांनी सांडलेलं दूध. कंपनीच्या पाळीला चालणाऱ्या गाड्या आहेत, त्यांच्या सीट आहेत. दवाखाने, बँकांच्या खुर्च्या, हॉटेलांच्या खोल्या आहेत. रांजणगाव एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, फियाट असे मोठे कारखाने आहेत. पण असल्या ठिकाणचं साफसफाईचं काम बहुधा मोठ्या हाऊसकीपिंग कंत्राटदाराकडे असतं. तिथं शिरायचं तर त्या कंत्राटदाराच्या हाताखाली, ऑफिसच्या खुर्च्या-गालिच्यापुरतं. सुरुवात तिथून होत नाही.

म्हणून पहिलं काम: वही घ्या, गाडीवर बसा आणि २० किलोमीटरच्या आत असे ५० दरवाजे लिहून काढा. पन्नासातले दहा जण "कधी येता?" असं विचारत असतील तर पुढचं वाचा. दोघंच विचारत असतील तर मशीनचं कोटेशन मागवायची घाई करू नका.

मशीन चार प्रकारची, काम चार प्रकारचं

एक, वेट-अँड-ड्राय व्हॅक्यूम. धूळही ओढतं, पाणीही ओढतं. स्वतः फवारत नाही. घरगुती व्हॅक्यूमनं पाणी ओढायला गेलात तर मोटर जळेल. ह्यात मोटर थंड करणारी हवा वेगळी फिरते, म्हणून पाणी चालतं.

दोन, स्प्रे एक्स्ट्रॅक्शन मशीन. ह्यात दोन टाक्या असतात. एका टाकीतलं शाम्पूचं पाणी पंप फवारतो आणि त्याच नोझलमधून घाण पाणी लगेच दुसऱ्या टाकीत ओढलं जातं. सोफा, गादी, गाडीची सीट, गालिचा ह्यांचं हे मशीन.

तीन, सिंगल डिस्क. १७ इंचाचा गोल ब्रश, वर शाम्पूची टाकी. मोठ्या हॉलच्या कार्पेटला आणि फरशीलाही चालतं. पण हे फक्त घासतं. ओढायला सोबत व्हॅक्यूम लागतंच. शिवाय वजनदार, एकट्यानं दुचाकीवर नेता येत नाही.

चार, वाफेचं मशीन. ढेकूण, वास, डाग सैल करणं ह्याला मदत होते. पण सैल झालेली घाण ओढून घ्यायला पुन्हा दुसरं मशीन लागतं. व्हिडिओत वाफ फार छान दिसते, म्हणून लोक आधी तेच घेतात. तसं करू नका.

आता हिशोब करू. कार्चर कंपनीचं पुझी १०/१ हे स्प्रे एक्स्ट्रॅक्शनचं ओळखीचं मॉडेल आहे. उदाहरण म्हणून घेतोय, जाहिरात नाही. कोइम्बतूरची रूट्स मल्टिक्लीन, युरेका फोर्ब्स अशा कंपन्याही व्यावसायिक मशीन विकतात. पुझीच्या माहितीपत्रकात स्वच्छ पाण्याची टाकी १० लिटरची आणि कामाचा वेग तासाला २० ते २५ चौरस मीटर दिलेला आहे. मंगल कार्यालयाचा ३००० चौरस फुटांचा हॉल म्हणजे साधारण २८० चौरस मीटर. भागाकार करा: ११ ते १४ तास. लग्नसराईत आज संध्याकाळी एक लग्न उठतं आणि उद्या सकाळी दुसरं बसतं. जमणार नाही. तेच मशीन सोफ्यावर लावा, दीड-दोन तासांत काम उरकतं. म्हणजे मशीन वाईट नाही, चुकीच्या गिऱ्हाइकाकडे नेलं की ते वाईट ठरतं.

वॉट बघून मशीन घेऊ नका

दुकानदार सांगतो, "हे ३००० वॉटचं आहे, एकदम पॉवरफुल." वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं ते. पाणी किती ओढतं ते नव्हे. तुम्ही विचारायचं: सक्शन किती मिलिबार? हवा सेकंदाला किती लिटर ओढते? पंपाचं प्रेशर किती? हे आकडे माहितीपत्रकात असतात. ज्याच्याकडे माहितीपत्रकच नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि गावातली वीज विसरू नका. १२५० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साडेपाच अँपिअरच्या आसपास ओढतं. ३००० वॉटचं १३ अँपिअर. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते चालणारच नाही, १६ अँपिअरचा पॉइंट लागेल, आणि तो हॉलमध्ये सोफ्याजवळ असेल ह्याची खात्री नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सक्शनही पडतं. स्वतःची जाड, तीन तारांची, अर्थिंग असलेली एक्स्टेन्शन न्या. पाणी आणि वीज एकाच हातात घेऊन तुम्ही काम करणार आहात, तिथं काटकसर नको.

पाण्याचंही तसंच. बोअरचं पाणी जड असतं. शाम्पू कमी काम करतो आणि नोझलच्या बारीक भोकात क्षार बसतात. शक्य तिथं आरओचं किंवा हलकं पाणी वापरा, आणि रोज काम संपल्यावर टाकीतून साधं पाणी फिरवून मशीन धुवा. हे पाच मिनिटांचं काम टाळणाऱ्याचा पंप लवकर जातो.

डेमो असा घ्या

दुकानात मशीनचा आवाज ऐकून परत येऊ नका. स्वतःच्या घरातली जुनी गादी किंवा सोफ्याची कुशन घेऊन जा. त्यावर मोजून एक लिटर पाणी ओता. मशीननं ओढा. घाण पाण्याच्या टाकीत किती आलं ते मापानं मोजा. दोन मशीनमध्ये ज्यानं जास्त पाणी परत दिलं, ते चांगलं. नंतर पांढरा टॉवेल दाबून बघा, किती ओल लागते.

कारण ह्या धंद्यात गिऱ्हाईक तुटतं ते डागावरून कमी, ओलीवरून जास्त. पावसाळ्यात सोफा दोन दिवस ओला राहिला की कुबट वास येतो, आणि तो वास अख्ख्या गल्लीत तुमची जाहिरात करतो.

डेमोनंतर तीन गोष्टी लेखी मागा. सक्शन मोटर आणि पंप सुटा केवढ्याला मिळतो? सर्व्हिस पुण्यात आहे की दुसऱ्या राज्यात पाठवावं लागतं? आणि धंद्यासाठी वापरलं तर वॉरंटी लागू आहे का? घरगुती मॉडेलवर ती बऱ्याचदा नसते.

कर्ज आणि सबसिडी: इथं थांबून वाचा

आता जो मुद्दा माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर आहे तो. "पाच लाखांचा प्रोजेक्ट करा, सबसिडी मिळते" असं सांगणारे एजंट गावोगाव फिरतात. पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. योजना चांगलीच आहे. पण ते अनुदान तुमच्या हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावानं ३ वर्षं अडकून राहतं, धंदा चालू असल्याची तपासणी होते आणि मग कर्जात वळतं होतं. तोपर्यंत धंदा बंद पडला, तर अनुदान परत जातं आणि कर्ज तुमच्या डोक्यावर उरतं. आईचे दागिने किंवा वडिलांचा सातबारा अशा वेळी मधे येतो.

एक हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे घाला. सात सीटच्या सोफ्याचे १४०० रुपये मिळाले. पेट्रोल, शाम्पू, मदतनीस मिळून ५०० गेले. हातात ९०० उरले. मशीन आणि सामान ७०,००० चं असेल तर ते वसूल व्हायला ७८ सोफे लागतील. आठवड्याला तीन कामं धरली तर २६ आठवडे, म्हणजे सहा महिने. तेच अडीच लाखांचा "फुल सेट" घेतला तर २७८ सोफे. त्याच गतीनं पावणेदोन वर्षांच्या वर. आणि ह्यात हप्त्याचं व्याज धरलेलं नाही.

कर्ज घ्यायचंच असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आहे. उरलेले स्वतःचे घाला. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्याला एजंटला पैसे देऊ नका.

"मोठं मशीन असलं की मोठी कामं मिळतात"

हा युक्तिवाद मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. हॉटेल किंवा मोठं ऑफिस तुमचं सामान बघतं. पण ते बघण्याआधी विचारतं, "आधी कुठं काम केलंय?" त्याचं उत्तर मशीन देत नाही, पहिले ५० सोफे देतात. मोठं काम हातात आलंच, तर सिंगल डिस्क भाड्यानं घ्या किंवा ज्याच्याकडे आहे त्याला भागीदार करा. महिन्यात चार वेळा भाडं भरायची पाळी आली की मग विकत घ्या.

इंग्लंडच्या ह्युबर्ट सेसिल बूथनं १९०१ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर बनवला, तेव्हा ते यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जायच्या. सुरुवातीला बूथ मशीन विकत नव्हता, घर साफ करून द्यायचा. १९०२ मध्ये राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेचे गालिचे त्याच्या यंत्रानं साफ झाले. सव्वाशे वर्षांपूर्वीही लोक स्वच्छ गालिच्याचे पैसे देत होते, घोडागाडीचे नाही.

आपला हंगाम ओळखा

आपल्याकडे घटस्थापनेआधी घराघरात दसरा काढतात. गोधड्या, चादरी, घोंगड्या, सगळं नदीवर नाहीतर विहिरीवर जातं. सोफा आणि जाड गादी मात्र नदीवर नेता येत नाही. तो तुमचा हंगाम. भाद्रपद लागला की बुकिंग घ्यायला सुरुवात करा, पुढे दिवाळीपर्यंत काम आहे, मग तुळशीच्या लग्नानंतर लग्नाघरची कामं. जुलै-ऑगस्टमध्ये ओल वाळत नाही, तेव्हा गाड्यांच्या सीट आणि कोरडं व्हॅक्यूम करा.

एक सावधगिरी. कुणी म्हातारीची लोकरीची घोंगडी पुढे केली तर गरम पाणी आणि तीव्र शाम्पू लावू नका. लोकर आटते आणि घट्ट होते. सुती सतरंजीचा रंग उतरतो, म्हणून आधी कोपऱ्यावर ओला पांढरा कपडा दाबून बघा. जे काम येत नाही त्याला नाही म्हणा. गावात त्याचीही आठवण राहते.

ह्या आठवड्याचा अभ्यास: वहीत ५० दरवाजे, दोन दुकानांत एक लिटर पाण्याचा डेमो आणि मोटर-पंपाचा सुटा भाव लेखी. हे तिन्ही कागद समोर ठेवून घरच्यांशी बसा. त्यानंतरही धंदा करावासा वाटला, तर बिनधास्त करा.