ई-क्लासवर पॅनेल लागण्याआधी ग्रामसभेला या!

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी, पशुपालक आणि शेतमजूर बंधू-भगिनींनो,

आमचा सूर्याच्या विजेला विरोध नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोनला वावरात जायचे, हातात बॅटरी आणि मनात रानडुकराची धास्ती, हे ज्याने भोगले त्याला दिवसा वीज नको कशी असेल? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. भांडण आहे ते जागेचे.

एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. पाच मेगावॅटचा प्रकल्प म्हणजे वीस-पंचवीस एकर तारेच्या कुंपणात, तेही पंचवीस-तीस वर्षे. जागा उपकेंद्राजवळ हवी, म्हणून नजर आधी ई-क्लासवर, म्हणजे गायरानावर जाते. सातबाऱ्यावर ती सरकारची, पण गावची गुरे आणि धनगरांची मेंढरे तिथेच चरतात. तिला पडीक म्हणणाऱ्यांनी, नावावर गुंठाही नसलेल्या आणि दाराशी चार शेळ्या असलेल्या बाईला एकदा विचारावे. प्रकल्पापोटी ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख मिळतात, तेही तीनच वर्षे. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर कडक बंधने घातली. गरिबाचे झोपडे हटवताना सरकारला तो बरोबर आठवतो!

खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. कोरडवाहू सोयाबीनमध्ये एवढे हाती उरत नाही, तेव्हा ज्याने वावर दिले त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण भाडे मिळते मालकाला; ठोक्याने कसणाऱ्याचे आणि निंदायला-सोंगायला जाणाऱ्या बायांचे काय? आणि मालकांनो, दलालाने पुढे केलेल्या कागदावर घाईने सही करू नका. करार मराठीत मागा. मुदत संपल्यावर खांब कोण उपटणार, पावसाचे पाणी कोणाच्या बांधावर वळणार, पॅनेल धुवायला पाणी कोणत्या बोअरचे, हे त्यात लिहून घ्या.

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवा. सौर प्रकल्पात पाच एकर गेले, हाती आले सुमारे चार लाख. न्याय मागत थकलेल्या या म्हाताऱ्या शेतकऱ्यावर जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात जीव द्यायची वेळ आली. तिथे जमीन संपादनाने गेली होती, इथे भाड्याने जाते. तरी एकटा माणूस कचेरीच्या पायऱ्या चढत राहिला की काय होते, ते तिथे दिसले.

म्हणून ग्रामसभेला या. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातला कमी आकडा भरला की कोरम होतो. तो भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा-बारा जणांत ठराव होतो आणि गावाला तो कळतो खांब उतरल्यावर. महिला ग्रामसभा आधी होते. बायांनी तिथेच चराईचा आणि मजुरीचा विषय मांडावा. ई-क्लासचा नकाशा तलाठ्याकडून मागवा, कोणता गट जाणार ते सभेत वाचायला लावा, चराई सोडून खडकाळ माळ सुचवा, आणि आपला ठराव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा सोंगणीच्या ऐन दिवसांत येते, माहीत आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या प्रत्येक घरातून निदान एकाने तरी तेवढा अर्धा दिवस काढावा, ही हात जोडून विनंती.

आपले,
बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी व पशुपालक