ओले लुगडे आणि कच्चे मडके

परवा शेजारची आठवीतली मुलगी तपासून आलेली उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. प्रसंग 'श्यामची आई'तला, सर्वांच्या परिचयाचा: आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर आपले ओचे पसरते. 'आईचे स्वभावविशेष लिहा' या प्रश्नाखाली मुलीने लिहिले होते की, आईचे लुगडे ओले झाले, ते तिला लगेच बदलता येण्याजोगे नव्हते, तरीही तिने मुलाचे ऐकले. तीनपैकी एक गुण, आणि समासात तांबड्या शाईचा शेरा: 'प्रेमळ, कष्टाळू, संस्कारी हे मुद्दे हवेत.'

आयती उत्तरे पुरवणाऱ्या मार्गदर्शिकांविषयी माझे मत मुळीच चांगले नाही आणि हा शेराही तेथूनच उतरला असावा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. 'प्रेमळ' हा निकाल झाला. ओले लुगडे हा पुरावा. पुरावा दाखल करणाऱ्या पोरीचा दावा खारीज करून कोऱ्या निकालपत्राला गुण देणे हा उघड अन्याय आहे. पुढे त्याच प्रसंगात आई पायांच्या मळावरून मनाच्या मळाकडे वळते, ती उपमा त्या ओल्या वस्त्रातूनच उगवलेली आहे. पण आमच्या प्रश्नपत्रिकेत अलंकार व्याकरणाच्या विभागात, एखाद्या सुट्या ओळीखाली, उपमेय-उपमानाच्या चौकटीत भरावयाचा असतो.

याउलट आमच्या गावच्या देवळातले नारदीय कीर्तन मला आठवते. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, ही त्याची बांधणीच अशी की, अर्थ आणि कथा एकाच बैठकीत श्रोत्याच्या पदरी पडावीत. एका रात्री गोरोबाकाकांचे आख्यान झाले: थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहणारे कुंभारकाका, निमूट बसलेले इतर संत आणि त्या परीक्षेने दुखावलेले, म्हणून कच्चे ठरलेले नामदेव. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी सुपात तांदूळ पाखडीत बसली होती, वडील रागावले म्हणून मी फुरंगटून तिच्याजवळ गेलो, तेव्हा सूप खाली ठेवून, माझ्या टाळूवर बोटाने टिचकी मारून ती म्हणाली, "मडकं कच्चं आहे अजून." अक्षरओळख नसलेल्या, 'रूपक' हा शब्दही कधी न ऐकलेल्या त्या बाईला कथानक, नामदेवांचा स्वभाव आणि मडक्याचा अर्थ ही तिन्ही एकदमच उमगली होती, आणि माझ्यापुरती लागूही करता आली होती.

"आजोबा, मग ओल्या लुगड्याचं लिहायचं की नाही?" मुलीने जाताना विचारले.

"पुढच्या परीक्षेतही तेच लिही," मी तिला सांगितले.