जाळी कोपऱ्यात का पडते?

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ रोजी टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जणांचे प्राण गेले आणि कारखान्यांतील सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली. ती साहजिकच आगीभोवती फिरली. पट्ट्यात सापडणारे बोट, दातेरी चक्रात ओढला जाणारा पदर यांची मात्र बातमी क्वचितच होते.

यंत्रमागावरील धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत : मोटारीचा पट्टा, दातेरी चक्रे आणि धोटा. वेगाने धावणारा धोटा उसळून बाहेर आला, तर शेजारच्या मागावरील विणकराचा डोळाही जाऊ शकतो. धोट्याला अडवणारी आडवी सळई, चक्रांवर पक्के आच्छादन हे उपाय जुनेच आहेत. मग घोडे अडते कोठे? निवडीत. स्वस्तातली जाळी आणून ती बोल्टांनी आवळली जाते. तेल घालायचे, साठलेले तूस काढायचे, तर प्रत्येक वेळी ती उघडणे आले. मजुरी नगावर असेल, तर हा खोळंबा विणकराच्याच खिशातून जातो. मग जाळी कोपऱ्यात पडते आणि दोष कामगाराच्या बेफिकिरीला दिला जातो. हा न्याय नव्हे.

तेलाची नळी आच्छादनाबाहेर काढली, तर ते उघडण्याचे कारणच उरत नाही. जेथे वारंवार हात घालावाच लागतो, तेथे झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच हवा. अर्थात चाक थांबायला वेळ लागत असेल, तर तोही अपुरा. जाळीच्या छिद्रालाही हिशेब असतो. चौकोनी छिद्र १२ मि.मी.हून मोठे, २० पर्यंत असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती फिरत्या भागापासून किमान १२० मि.मी. दूर हवी, कारण बोट आत जातेच.

१९४८च्या कारखाना कायद्याच्या २१व्या कलमाने यंत्रांना असे कुंपण बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी तिची सर्वसाधारण मर्यादा २० कामगारांची आहे. घरालगतच्या चार-सहा मागांच्या शेडमध्ये एवढी माणसे नसतातच. तेथे मालक स्वतः मागावर उभा असतो, कांड्या भरायला घरातील स्त्रिया असतात. तेथे निरीक्षकाची वाट पाहण्यात अर्थ नाही. खंडेनवमीला माग बंद ठेवून त्याची पूजा होते. जाळीचे माप त्याच दिवशी घेता येईल, तो चालवणाऱ्याला शेजारी उभे करून.