टॉवर उतरवण्याआधी मोजणी मागवा



डोंबिवलीतल्या गच्च्यांवरील मोबाइल टॉवर कर्करोग पसरवतात, असे ठामपणे सांगणाऱ्या एका वाचकपत्रातली भीती खरी आहे. पुरावा मात्र अपुरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये टॉवर आणि मोबाइलच्या रेडिओ लहरी ‘२ब’ गटात टाकल्या, म्हणजे केवळ शक्यता नोंदवली. संघटनेनेच करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

अँटेनाचा मुख्य झोत साधारण आडवा जातो. म्हणून ठाण्याच्या नौपाड्यात काय किंवा डोंबिवलीत काय, लहरींची मोजणी टॉवरखालच्या घराआधी समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीच्या मजल्यावर व्हावी. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर शुल्क भरून ती मागवता येते. टॉवरचे भाडे घेणाऱ्या सोसायट्यांनी तो अहवाल सूचना फलकावर लावलाच पाहिजे. शेजाऱ्यांवर तो मागत फिरण्याची वेळ येऊ नये.

आणि हातातला फोन? लोकलच्या खचाखच डब्यात रेंज क्षीण झाली की तो जास्त शक्तीने लहरी सोडतो, तेही कानाला चिकटून. तेव्हा बोलणे आवरते घ्यावे किंवा इयरफोन लावावा.

— एक वाचक, ठाणे