झॉम्बी बघताना एका जागी हसू येत नाही

काल रात्री ब्रूनो मात्तेईचा १९८० चा 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड' पाहिला. तिसऱ्यांदा! घरच्यांनी हात टेकलेत.

इटालियन झॉम्बीपटांची गंमतच ही, की खिशात दमडी नाही, पण आव हॉलिवूडचा. रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झॉम्बी' नावाने लागला, तर १९७९ मध्ये लगेच फुल्चीचा 'झॉम्बी २' हजर. कथेचा काडीचा संबंध नाही! त्यात झॉम्बी पाण्याखाली खऱ्या शार्कशी झुंजतो. मात्तेईने तर रोमेरोच्या सिनेमातलं गॉब्लिनचं संगीतच परत वाजवलं. त्याचा एक कमांडो झॉम्बींच्या घरात हिरवा बॅले-फ्रॉक घालून नाचतो. का? विचारायचं नाही.

पण कथा न्यू गिनीची, शूटिंग स्पेनमध्ये. मग तिथले आदिवासी आणायचे कुठून? दुसऱ्यांच्या फिल्ममधून कापून चिकटवले, त्यात १९७२ च्या 'ला वाले'चंही फुटेज. खरी माणसं, खरे विधी, आणि पुढच्याच शॉटला रंग फासलेली भुतं. वर कथेत टीका काय, तर श्रीमंत देश गरिबांची लोकसंख्या कमी करायला त्यांना एकमेकांनाच खायला लावतात! ज्यांची बाजू घ्यायची, त्यांनाच घाबरवायचं सामान केलं की राव.

मित्र म्हणतो, "बी-ग्रेड आहे रे, एवढं काय मनावर घेतोस?" फालतू मेकअप मला चालतो, पैसे नव्हते. हे फुटेज नाही चालत.

शार्कवाला सीन मात्र आज परत लावणार आहे.